दोन रकाने

डावीकडे फ्रेंच, उजवीकडे इंग्रजी,
मधे मी पट्टीनं ओढलेली पेन्सिलची रेघ.
इतिवृत्त असं लिहायचं, हे ठरलं पहिल्या बैठकीत.
पहिल्या बैठकीत एवढंच ठरलं.

पॅरिस, सतरा सालचा फेब्रुवारी.
नदीच्या कडेकडेनं बर्फ धरलेला.
दोन संसदांचे मिळून बावीस सभासद
ओव्हरकोट न काढता बसलेले,
शेगडीत कोळशाची सात ढेकळं
(मी मोजली होती),
आणि हिरव्या बनातीच्या टेबलावर
एक लढाई, दोघांची म्हणून,
हिशेब मात्र ज्याचे त्याच्या कपाटात.

मी सोलांज केरब्रा. दुभाषी.
इंग्रजी शिकले ब्रेस्तच्या धक्क्यावर, खलाशांच्या खाणावळीत.
अर्जात तसं लिहिलं नव्हतं.

मोसिए वांदेर्मेर्श उठले.
त्यांचा मतदारसंघ खंदकांच्या पलीकडे,
तिथं आता जर्मन घड्याळं लावतात.
ज्यांनी निवडून दिलं त्यांना पोस्टकार्डही टाकता येत नाही,
तरी ते त्यांच्या वतीनं बोलतात,
जरा जास्तच मोठ्यानं, पलीकडे ऐकू जावं तसे.
म्हणाले, जहाजांच्या भाड्यावर या समितीचा
कंट्रोल हवा.

सर आर्चिबाल्ड विंटरबॉर्न यांनी चश्मा काढला.
लगाम मंत्रिमंडळाच्या हातात असतो, महाशय.
लगाम कुणी मागितला? घोडा खातो किती, तेवढं विचारतोय!
म्हणजे आमच्यावर अविश्वास?
म्हणजे तुमच्याकडे वह्या नाहीत?

पाऊण तास.
मी इकडचं तिकडे, तिकडचं इकडे
पाणी भरावं तशी भरत होते,
आणि मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं:
तो शब्द दोन घरांत वाढलेला जुळा.
आमच्याकडे तो कारकून, वह्या तपासतो.
त्यांच्याकडे फौजदार.
दुभाष्यानं स्वतःचं बोलायचं नसतं.
शेवटी बोलले.
बावीस माणसं माझ्याकडे बघायला लागली,
खुर्ची बोलल्यावर बघावं तशी.

मग कुणीतरी हसलं, कुणी खोकलं,
सर आर्चिबाल्डनी चश्मा पुसला, पुसतच राहिले.

तोवर कोपऱ्यातले मिस्टर प्रोथेरो,
वेल्सचे, तीन बैठकांत चकार शब्द न काढलेले,
शेगडीपाशी जाऊन उकिडवे बसले.
एक ढेकूळ उचललं. उजेडात फिरवलं. नखानं टोकरलं.
हा आमचा, म्हणाले.
कुठल्या थरातला तेही सांगतो. माझा बाप त्या थरात होता.
मग दाराशी उभ्या मादाम गिल्मोला, माझ्यामार्फत:
बाई, हा टनाला किती पडतो इथं?

तिनं सांगितलं.
मी आकडा इंग्रजीत केला.
त्यांनी पुन्हा विचारला.
मी पुन्हा सांगितला.

खाणीच्या तोंडाशी याच्या पाचव्या हिश्श्यात मिळतो, म्हणाले,
मधला समुद्र एवढा खातो?

कोळसा उगाळावा तितका काळा म्हणतात.
त्या रात्री एकपर्यंत आम्ही तो उगाळला.
विमा, पाणबुड्या, बंदरात सडणारी जहाजं,
कार्डिफमधल्या चार आडनावांवर येऊन सगळे थांबले,
त्यातलं एक कुणाच्या तरी सासऱ्याचं.
मग ठराव.
"दोन्ही सरकारांना शिफारस करण्यात येते की..."
फ्रेंच मजकूर दोन ओळी लांब झाला.
उजव्या रकान्यात मी तेवढी जागा कोरी सोडली.
वांदेर्मेर्शनी विचारलं, तिथं काय येणार?
मला माहीत नव्हतं.

एप्रिलात उत्तर आलं, दोन राजधान्यांतून, एकाच आठवड्यात:
नोंद घेतली आहे.
भाडं उतरलं का, मला विचारू नका,
तोवर मला दुसऱ्या समितीवर धाडलं होतं, घोड्यांच्या चाऱ्याच्या.

पण त्या रात्रीच्या पानावर
रेघेवरच, कुठल्याच रकान्यात न मावणारा,
प्रोथेरोंच्या अंगठ्याचा काळा ठसा आहे.
सकाळी मादाम गिल्मो शेगडी झाडताना बडबडत होती:
पाच जळाले, एक उरला, सातवा कुठाय?
समितीतसुद्धा चोर!

मी म्हटलं, तो लंडनला गेलाय, मादाम.
कुणाच्या तरी खिशातून. सभागृहात बोलायला.